‘व्हेरा ड्रेक’ रडका आहे म्हणे!

ब्रिटिश दिग्दर्शक माइक ली यांच्या ‘व्हेरा ड्रेक’ या सिनेमाचा विषय निघाला की एक ठरलेलं मत हमखास ऐकू येतं. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला आणि प्रेक्षकांना झोपवणारा रडका सिनेमा. चोरून इतर बायकांचे गर्भपात करून देणाऱ्या बाईला देव्हाऱ्यात बसवणारा प्रचारपट. त्यात गरीब तेवढे गुणी, श्रीमंत तेवढे नालायक. आणि वर वैद्यकीय माहितीही चुकीची. सिनेमा २००४ चा, पण हे मत अजून शिळं होत नाही. यातला शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. बाकीचे ऐकताना सिनेमा नक्की पाहिलाय ना, असं विचारावंसं वाटतं.

आधी ‘रडका’. काळ १९५०, लंडन. युद्ध संपून पाच वर्षं झाली तरी चहा, साखर, मटण रेशनवरच. व्हेरा श्रीमंतांच्या घरी साफसफाई करते, नवरा स्टॅन भावाच्या गॅरेजात, मुलगा शिंप्याच्या दुकानात, मुलगी एथेल कारखान्यात बल्ब तपासायला. घर अडचणीचं, पण रात्री जेवताना सगळ्यांची थट्टामस्करी चालू. शेजारचा रेज एकटाच असतो, खाण्यापिण्याचे हाल, म्हणून व्हेरा त्याला जेवायला बोलावते. मग रेज आणि एथेल यांचं जमतं. दोघंही इतकी लाजरी की ‘लग्न करशील का’ हे कोण कुणाला कसं विचारणार, याचीच आपल्याला काळजी लागते. जवळजवळ अर्धा सिनेमा असा हसतखेळत, चहाच्या किटलीभोवती जातो. यात रडकं काय आहे?

रडणं येतं ते नंतर. साखरपुड्याच्या आनंदात घर भरलेलं असताना दारात पोलीस उभे राहतात. कॅमेरा व्हेरा झालेल्या इमेल्डा स्टाँटनच्या चेहऱ्यावर जातो आणि तिथेच थांबतो. हसू ओठांवर असतं, मग हळूहळू विरतं, आणि एका शब्दाशिवाय आपल्याला कळतं की या बाईला सगळं समजलंय. पुढे ती इन्स्पेक्टरला ‘गर्भपात’ हा शब्दही बोलू शकत नाही. अडलेल्या मुलींना मदत करते, एवढंच म्हणते. पोलीस ठाण्यात अंगठी काढायला सांगतात, तर ती बोटातून निघता निघत नाही. नवऱ्याला सांगायची वेळ येते तेव्हा ती त्याच्या कानात कुजबुजते, आणि ते आपल्याला ऐकूच येत नाही. प्रेक्षकाला रडवायचंच असतं तर या जागेवर व्हायोलिन वाजवून दोन पानांचं भाषण दिलं असतं.

घरच्यांचा धक्का एवढा खरा का वाटतो, याचंही कारण आहे. ली संहिता हातात देत नाहीत. कित्येक महिन्यांच्या तालमीत, सुचेल तसं करत करत प्रसंग घडवतात. घरच्यांच्या भूमिका करणाऱ्या नटांना व्हेरा काय करते हे माहीत नव्हतं. तालमीत पोलीस झालेले नट दार ठोठावत आले, तेव्हाच त्यांना कळलं.

समीक्षक विरुद्ध प्रेक्षक या भांडणात फार दम नाही. कान महोत्सवाने सिनेमा नाकारला होता, व्हेनिस महोत्सवाने त्याला सुवर्णसिंह हा आपला सर्वोच्च पुरस्कार दिला. म्हणजे जाणकारांचंही एकमत नव्हतंच. ऑस्करची तीन नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही.

आता देव्हाऱ्याचं. व्हेराने गर्भपात केलेली पामेला नावाची मुलगी मरता मरता वाचते, हे याच सिनेमात आहे. आईने केलं ते पाप आहे, असं पोटचा मुलगा तिला सुनावतो, हेही. व्हेरा पैसे घेत नाही, पण तिला ‘गिऱ्हाइकं’ आणून देणारी मैत्रीण लिली तिच्या नकळत दोन दोन गिनी खिशात टाकते, आणि भोळी व्हेरा कधी विचारतसुद्धा नाही. या भोळेपणाची किंमत दुसऱ्याच बायका मोजतात. शेवटी तुरुंगात तिला याच गुन्ह्यातल्या आणखी दोघी भेटतात आणि त्यांच्यात ती एक होऊन जाते. आणि प्रचार म्हणाल तर कसला? ब्रिटनमधला कायदा १९६७ सालीच बदलून गर्भपाताला मुभा मिळाली होती.

राहिले श्रीमंत. व्हेरा जिथे कामाला जाते, त्यातल्या एका घरातल्या सुझनवर बलात्कार होतो. ती डॉक्टरकडे, मग मानसोपचारतज्ज्ञाकडे, मग पैसे भरून नर्सिंग होममध्ये जाते, आणि प्रकरण मिटतं. हे ली यांनी चिडून रचलेलं नाही. १८६१ च्या कायद्याने गर्भपात हा गुन्हा होता. (आपल्या जुन्या दंड संहितेतलं ३१२ कलम १८६० चं होतं; आपल्याकडे सुटकेचा कायदा १९७१ मध्ये आला, आणि त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते.) १९३८ मध्ये अ‍ॅलेक बॉर्न या सर्जनने बलात्कार झालेल्या चौदा वर्षांच्या मुलीचा गर्भपात करून स्वतःच पोलिसांना कळवलं आणि तो निर्दोष सुटला. बाईचं शरीर किंवा मन मोडून पडणार असेल तर डॉक्टरला मुभा आहे, असा त्या निकालाचा अर्थ लावला गेला. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी ही पळवाट झाली, पण चिठ्ठीला फी लागायची. सुझन वाईट नाही. तीही तितकीच भेदरलेली आहे. आणि गरिबांना लोणी लावायचं असतं तर लिली इतकी कोडगी कशाला दाखवली असती?

वैद्यकीय मुद्दा मात्र खरा आहे. व्हेरा आल्या आल्या किटली चढवते, किसणीवर कार्बोलिक साबण किसते, कोमट पाण्यात बोट घालून पाहते आणि रबरी पिचकारीने ते पाणी आत सोडते. उद्यापर्यंत बरं वाटेल म्हणते आणि टोपी घालून निघते. जेनिफर वर्थ या १९५० च्या दशकात लंडनच्या ईस्ट एंडमध्ये सुईणीचं काम करत. ही पद्धत सिनेमात दिसते तशी झटपट आणि बिनदुखाची मुळीच नव्हती, ती बहुतेक वेळा जीवच घ्यायची, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं. जिथे आजही गर्भपाताला बंदी आहे तिथली एखादी अगतिक मुलगी हे पाहून तसंच करेल, ही त्यांची भीती होती. एकट्या पामेलाला इस्पितळात पोचवून ली यांनी हे भागवलं, ते मलाही कमीच वाटतं. सिनेमा बघताना आपल्याला आठवतो तो व्हेराचा ‘चहा टाकते हं’ असा आवाज. त्याच किटलीतल्या पाण्याने पुढे काय होत असे, हे वर्थबाईंनी खाटेशेजारी उभं राहून पाहिलं होतं.