चिमण्या टॉवरमुळे गेल्या, हे खरं नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. हॉलंडमध्ये ५जीच्या चाचणीत शेकडो पक्षी मेले, १९६३ साली एका शास्त्रज्ञाने नुसत्या रेडिओलहरींनी अंगावर येणारा बैल थांबवला, मोबाईल टॉवरच्या लहरींनी मेंदू बिघडतो, म्हणूनच पेठांतल्या चिमण्या नाहीशा झाल्या, असं त्यात म्हटलंय. चिमण्यांचा जीव मलाही लागतो, म्हणूनच उत्तर देतोय.

हॉलंडमध्ये, हेगच्या एका बागेत २०१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीनशेहून जास्त स्टारलिंग पक्षी मेले, हे खरं. पण तिथली ५जीची चाचणी झाली होती जूनच्या अखेरीस, तीही एकच दिवस.

बैलाची गोष्टही अर्धीच सांगितली आहे. त्या शास्त्रज्ञाने, होझे देल्गादो यांनी, बैलाच्या मेंदूत आधीच इलेक्ट्रोड बसवले होते. बैल थांबला तो त्यांतून सोडलेल्या विजेने. रेडिओने फक्त बटणाचा इशारा पोचवला.

लहरींचा पक्ष्यांवर परिणामच होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. जर्मनीत ओल्डेनबर्गच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिलं, की शहरातल्या विद्युतचुंबकीय गोंगाटात स्थलांतर करणाऱ्या रॉबिन पक्ष्यांना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा कळेनाशी होते. पक्षी ठेवलेल्या लाकडी खोल्यांना अॅल्युमिनियमचे पत्रे लावून अर्थिंग दिलं, की लहरी अडतात आणि दिशा पुन्हा सापडते. इतक्या क्षीण लहरींनी असं व्हावं, हे थक्क करणारं आहे. पण तो गोंगाट ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झमधला, म्हणजे विजेची उपकरणं आणि मीडियम वेव्ह रेडिओ यांच्या पट्ट्यातला. आपले मोबाईल चालतात ७०० मेगाहर्ट्झ आणि त्याच्या वर. शिवाय रॉबिनचं होकायंत्र बिघडलं होतं. ते मेले नव्हते, वेडेही झाले नव्हते. या प्रयोगाच्या आधारे टॉवरला दोष देता येत नाही.

राहिल्या चिमण्या. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२० चा अहवाल सांगतो, की देशभर चिमण्यांची संख्या साधारण टिकून आहे, घट दिसते ती मोठ्या शहरांत. टॉवर तर आता खेडोपाडीही आहेत. मग दोष त्यांचाच असता, तर गावातल्या चिमण्या कशा टिकल्या? पेठांतले वाडे पडले, वळचणी आणि भिंतींतले कोनाडे गेले, घरट्याला जागा उरली नाही. पिल्लांना पहिले काही दिवस दाणे चालत नाहीत, अळ्या-किडे लागतात, आणि आपण आवारात फरशी घालून वर औषध फवारतो. टॉवरविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्यांनी तोच कागद घेऊन फवारणी थांबवायची मागणी करावी, मी पहिली सही करेन.