आदिवासी आले की ट्रॅफिक, वरात आली की संस्कृती!

परवा ८:१७च्या लोकलमध्ये पुन्हा तेच. ‘हे आदिवासी येतात नि मुंबई बंद पाडतात!’ अहो काका, मंडप, वरात, मंत्र्यांचा ताफा, तेव्हा कुठे जाते हो तुमची वाचा? मार्च २०१८ला नाशिकहून मोर्चाने चालत आलेली आदिवासी शेतकरी माणसं, दहावीच्या पोरांना त्रास नको म्हणून रातोरात सोमय्या मैदानातून आझाद मैदानात पोचली. तळपायाची सालटी निघालेली! मागत काय होती? कसत्या वनजमिनीवर आदिवासींना हक्क देणारा २००६चा वनहक्क कायदा राबवा. बारा वर्षं झाली होती, बारा! आणि आरेतल्या वारली पाड्यांना ‘अतिक्रमण’ म्हणणाऱ्या काकांचा टॉवर कुठंय? जंगलाला खेटून. वर ‘फॉरेस्ट व्ह्यू’चे जादा पैसे मोजलेत!