बसतंय म्हणजे चालतंय!

जुना डेस्कटॉप कुंथायला लागला की काही माणसं आधी सगळे भाग ज्यावर बसतात त्या मदरबोर्डचं मॉडेल बघतात. मग कंपनीच्या साइटवर जाऊन त्या बोर्डला कुठले प्रोसेसर चालतात ती यादी वाचतात, एसएमपीएसवरचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा, स्टिकर वाचतात, कॅबिनेटच्या आत मोजपट्टी घालतात. अशा माणसांना आयुष्यात दुसरं काही नसतं. तुम्ही त्या फंदात पडू नका. जे खाचेत बसतं ते चालतं, एवढी एक श्रद्धा पुरेशी आहे.

सुरुवात प्रोसेसरपासून करा. समजा तुमच्याकडे इंटेलच्या सातव्या पिढीचा आय३ आहे, सॉकेट (प्रोसेसर बसायची बोर्डवरची जागा) एलजीए ११५१. सेकंडहँडमध्ये आठव्या पिढीचा आय५ बरा मिळतोय, त्याचंही सॉकेट एलजीए ११५१. आता आणखी कुठला पुरावा हवा? घेऊन टाका. सातवी पिढी आणि तिचे २०० मालिकेचे बोर्ड २०१७ च्या जानेवारीत बाजारात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात आठवी पिढी आली आणि इंटेलने जाहीर केलं की हिला ३०० मालिकेचाच बोर्ड लागेल. पिना तेवढ्याच, माप तेच. बदललं काय, तर काही पिनांची कामं. वीजपुरवठ्यासाठी म्हणे जास्त पिना हव्या होत्या. किल्ली कुलपात जाते, फिरत मात्र नाही. आदल्या उन्हाळ्यात महागडा बोर्ड घेतलेल्यांची दिवाळी कशी गेली असेल ते विचारू नका.

पुढे काही उद्योगी लोकांनी बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये, फेरफार करून आणि प्रोसेसरच्या पाठीवरचे काही ठिपके टेपने झाकून तोच प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालवूनही दाखवला. ही माहिती जरूर वाचा, पण अर्धीच. टेप घरात असतेच.

इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी, तिचे प्रोसेसर वापरणारे लगेच म्हणतील, आमच्याकडे असलं काही नाही. खरंच आहे, त्यांचं एएम४ सॉकेट बरीच वर्षं टिकलं. त्यामुळे तिथे फसायला थोडी जास्त मेहनत लागते, पण जमतं. दुकानात धूळ खात पडलेला बी४५० बोर्ड उचला आणि त्यावर एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर बसवा. चालतो, कंपनीच तसं लिहून देते, फक्त बायोस अपडेट केलेलं हवं. अपडेट करायला मशीन सुरू व्हायला हवं आणि मशीन सुरू व्हायला अपडेट हवं. काही बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस भरायचं बटण असतं. तो बोर्ड तुम्ही घेतला नाहीत, कारण तो थोडा महाग होता. एएमडीने मध्यंतरी अशा गिऱ्हाइकांना बायोस भरण्यापुरता जुना प्रोसेसर उसना द्यायची सोयसुद्धा काढली होती. तुम्ही मात्र ज्याच्याकडे जुना रायझन आहे अशा मित्राला शोधा आणि त्याचं मशीन ‘जरा वेळ’ उघडायची परवानगी मागा. मैत्री किती घट्ट आहे तेही कळेल.

रॅमबद्दल फार बोलण्यासारखं नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्हींच्या पिना २८८. मधली खाच तेवढी किंचित सरकलेली असते. रॅम आत जात नसेल तर खाचेकडे बघू नका, अंगठ्याचा जोर वाढवा. एकाच बोर्डाच्या दोन आवृत्त्या निघतात, एक डीडीआर४ची, एक डीडीआर५ची, आणि फरक नावाच्या शेपटीला लटकलेल्या दोन अक्षरांत असतो. ऑर्डर करताना शेपटी वाचायची नाही.

आता खरी गंमत. नवीन बोर्ड घेतलाच आहे तर प्रोसेसरमध्ये चार पैसे वाचवा आणि आय५-१२४००एफ घ्या. शेवटचा एफ फास्टचा आहे असं समजा. एचडीएमआयची केबल बोर्डच्या मागच्या पोर्टमध्ये खोचा. पोर्ट दिलाय म्हणजे चित्र येणारच. बटण दाबा. पंखे फिरतील, दिवे लागतील, मॉनिटर म्हणेल ‘नो सिग्नल’.

इथे गडबडून जाऊ नका, आपल्याकडे यावर राष्ट्रीय उपाय आहे: खोडरबर. रॅम काढा, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासा, फुंकर मारा, दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत दाबा. नाही आलं? स्लॉट बदला. तरी नाही? बोर्डवरचा तो नाण्याएवढा सेल काढा, पाच मिनिटं थांबा, परत लावा. एव्हाना गल्लीतले दोन जाणकार जमलेले असतील. एक म्हणेल बोर्ड गेला, दुसरा म्हणेल रॅमच डुप्लिकेट आहे. त्या एफचा अर्थ ‘याच्यात ग्राफिक्स नाही’ असा आहे, हे कुणीही बोलणार नाही. हा उपाय एरवी खरोखर चालतो, गंज चढलेल्या जुन्या रॅमवर. नसलेलं ग्राफिक्स घासून येत नाही एवढंच.

म्हणजे आता ग्राफिक्स कार्ड आलं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. दुकानदाराला विचारा, “माझ्या मशीनला चालेल ना?” तो म्हणेल, “का नाही चालणार साहेब!” कुठलं मशीन, हे त्याने विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत, व्यवहार कसा चोख झाला. बिलावर बारीक अक्षरांत ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं लिहिलेलं असतं, ते वाचून मूड घालवू नका.

कार्डाला आठ पिनांची केबल लागते आणि कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसला ती नसते. स्लॉट ७५ वॉट देतो, आठ पिनांच्या केबलवरून आणखी १५० मिळावेत असा हिशेब असतो. तुम्ही हिशेब न करता हार्ड डिस्कच्या जुन्या मोलेक्स वायरीला लावायचा कन्व्हर्टर घ्या. स्टिकरवर ४५० वॉट छापलंय ना? छापील शब्दावर विश्वास ठेवायचा. प्लास्टिकचा वास आला तर खिडकी उघडा.

कार्ड लांबीला ३०० मिलिमीटरच्या पुढे निघालं, तर ते हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडेल. हॅक्सॉ ब्लेड आणा आणि पिंजरा कापा. बोर्ड आतच असू द्या, काढायचा-लावायचा त्रास कशाला? लोखंडाचा कीस कुठे कुठे पडला ते नंतर कळेलच.

विंडोज ११ टाकायचं होतं म्हणूनच तर हे सगळं काढलंत ना? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. तुमचा नवा प्रोसेसर त्यात बसतो. जुन्या डिस्कची एमबीआर मांडणी (डिस्कचे भाग पाडायची जुनी पद्धत) मात्र बसत नाही, नवी जीपीटी हवी. दहा वर्षांचे फोटो त्याच डिस्कवर आहेत. बॅकअपशिवाय फॉरमॅट मारा. मन हलकं होतं.

उरला तो सातव्या पिढीचा बोर्ड. तो ऑनलाइन विकायला टाका, ‘एकदम वर्किंग कंडिशन’ असं लिहून. संध्याकाळपर्यंत एखादा मेसेज येईल: “दादा, माझ्याकडे आठव्या पिढीचा आय५ पडून आहे. यावर चालेल का?”

कळवा, सॉकेट तेच आहे.