आधी बोर्ड तरी बघा की!

कॉम्प्युटरसाठी नवा प्रोसेसर घ्यायचा म्हणून बेळगावात टिळकवाडीपासून खडेबाजारापर्यंत चार दुकानं पालथी घातली, चारही ठिकाणी एकच पालुपद: "गेमिंग म्हणालाय नव्हं? मग इंटेलचा आय सेव्हनच घ्या की!" अहो, पण माझा मदरबोर्ड, म्हणजे प्रोसेसर ज्यावर बसतो तो मुख्य बोर्ड, कुठला ते तरी विचारा! मोबाइलवर फोटो काढून नेला होता, कुणी ढुंकून बघितला नाही. बी४५० आहे, एएम४ सॉकेटचा, म्हणजे एएमडी कंपनीचे प्रोसेसर बसतात त्या खाचेचा. इंटेलचा प्रोसेसर त्यात बसतच नाही. म्हणजे नव्या बोर्डाचा खर्च माझ्या बोकांडी.

बायॉस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं की याच बोर्डावर २०२२ साली आलेला एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसर चालतो. कोर (एकाच वेळी वेगवेगळं काम करणारे भाग) आठच, पण एल३ कॅश (प्रोसेसरातली झटपट मेमरी) ९६ एमबी, आणि पुष्कळ गेमना खरा फायदा होतो तो तिचाच. हे सांगितलं तर उत्तर काय? "कोर जास्त तेवढं चांगलं." कसलं चांगलं! बहुतेक गेम सोळा कोर नीट वापरतच नाहीत. मॉनिटर १०८०पी की त्याच्या चौपट पिक्सेलचा ४के, हे तर कुणी विचारलंच नाही. ४केवर बहुतेक भार ग्राफिक्स कार्डावर येतो, मग प्रोसेसरात एवढे पैसे का ओतू?

वर्षाचे साठवलेले पैसे आहेत हो हे. शनिवारी पुन्हा जाणार. बोर्डच पिशवीत घालून नेतो, काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, आधी हे सॉकेट बघा, मग बोला.