मास्टर पासवर्ड बदलण्याचा मुहूर्त

आपले सगळे पासवर्ड एका तिजोरीत सांभाळणारं ॲप म्हणजे पासवर्ड मॅनेजर, आणि ती तिजोरी उघडणारा एकच पासवर्ड म्हणजे मास्टर पासवर्ड. तो बदलायचं मनात आलंय? मग रात्री साडेअकरालाच बदला. सकाळी डोकं ठिकाणावर असतं, त्यात मजा नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी असेल तर दुधात साखर. 'सुरुवातीचं अक्षर कॅपिटल होतं की नव्हतं' या एका प्रश्नावर अख्खा प्रवास निघतो.

नवा पासवर्ड शोधायला फार लांब जाऊ नका. जुन्याच्या शेवटी १ होता ना, तिथे २ करा. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेत बिल बर यांनी २००३ साली अवघड चिन्हं घाला, अधूनमधून बदला असा उपदेश लिहून ठेवला होता. २०१७ साली त्यांनीच त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला, आणि कारण नसताना ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, असं संस्थाही म्हणू लागली. आपण मात्र परंपरा सोडायची नाही. काही शहाणे फासे टाकून शब्द निवडायला सांगतात: पाच फासे टाकले की ७७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द, असे सहा डाव. फाशांपायी आपल्याकडे एकदा हस्तिनापुरात काय झालं, ते ठाऊक आहे ना? राहू द्या.

हिंट मागितली तर बिनधास्त लिहा: 'नेहमीचाच'.

आणि कागदावर लिहून कपाटात ठेवायचा अडाणीपणा नको. विसरलात तर ॲपची कंपनी आहेच की! कंपनी फार नम्रपणे सांगेल, आम्हाला तुमचा पासवर्ड माहीत नाही. आणि ते खरं असतं. किल्ली तुमच्याच फोनवर तयार होते, क्लाउडवर जातं ते फक्त कुलूपबंद गाठोडं. आधार कार्डाची झेरॉक्स जोडून भागायला ती काही बँकेची शाखा नाही.

आता मुख्य मुद्दा. मास्टर बदललात की आतले पासवर्ड बदलायच्या भानगडीत पडू नका. २०२२ साली लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या कंपनीकडून चोरांनी ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअपची प्रतच उचलून नेली. त्यांच्या एका इंजिनिअरच्या घरच्या संगणकावर करमणुकीचं एक सॉफ्टवेअर होतं, त्यातल्या भोकातून शिरून चोरांनी त्या इंजिनिअरने टाइप केलेला मास्टर पासवर्डच टिपला होता. (कुलूप विकणाऱ्याच्याच कमरेची किल्ली गेली म्हणायची.) ग्राहकांनी धावत जाऊन आपापला मास्टर बदलला. पण चोराकडची प्रत जुन्याच पासवर्डाने उघडते, नव्याची त्याला गरजच नाही. किल्ली बनवताना पासवर्ड ताकासारखा घुसळतात, म्हणजे तेच गणित पुन्हापुन्हा करतात, की चोराला प्रत्येक अंदाज तपासायला वेळ लागावा. हल्ली शिफारस ६,००,००० वेळा घुसळण्याची आहे, आणि तिथल्या काही जुन्या खात्यांत ५००० वेळाच घुसळलेला होता. अशा ताकावर लोणी लवकर येतं. म्हणजे बँक, ईमेल, डिमॅट, सगळ्यांचे पासवर्ड एकेक करून बदलायला हवे होते. पण आपण दाराला नवं कुलूप लावायचं आणि निवांत झोपायचं. कपाट चोराच्या घरी आहे तर आहे.

बाकीच्या उपकरणांवरून लॉगआउट करायचंही मनावर घेऊ नका. यात मात्र माझा अनुभव आहे. मास्टर बदलून तिसऱ्या दिवशी मी तो साफ विसरलो. फोन लॉगआउट, लॅपटॉप लॉगआउट. मग आठवलं, आईच्या कपाटात जुना टॅब आहे, सहा महिने नेटशिवाय पडलेला. चार्जिंगला लावला, जुना पासवर्ड टाकला आणि काय सांगू, उघडलं! १४३ नोंदी, सगळ्या जिथल्या तिथे. डोळे भरून आले. आधी बँकेचा उतरवून घ्यावा म्हणून मी उठून वही शोधायला गेलो. हो, वहीच. कागदाबद्दल वर जे लिहिलंय ते तुमच्यासाठी आहे.

पेन मिळालं, पण चालेना. दुसरं शोधलं. परत आलो तर टॅब आईच्या हातात.

"अरे, याचं नेट बंदच होतं की," ती म्हणाली. "केलं मी सुरू. पण हे काय रे, परत पासवर्ड मागतंय?"