दुसरा फ्लॅट घेताय? अभिनंदन!

एक फ्लॅट राहायला आणि दुसरा 'असू दे, भाड्याने देऊ' म्हणून, असं काही मनात घोळत असेल तर आधी पेढे काढा. पुण्यात या विचाराला मुहूर्त लागत नाही. अप्रेझलचं पत्र हातात पडलं, की पुढच्या शनिवारी माणूस खराडी नाहीतर वाघोलीच्या एखाद्या साइट ऑफिसात फुकटची कॉफी पीत सँपल फ्लॅट बघत असतो. मी गेली तीन वर्षं खराडीत कुणाच्या तरी अशाच दुसऱ्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहिलो आणि नुकताच तो सोडला. म्हणजे या धंद्याची पाहणी मी अगदी आतून, गळक्या फ्लश टँकपर्यंत केलेली आहे. ती वाया जाऊ नये म्हणून चार युक्तीच्या गोष्टी सांगतो. फी नको. ती माझ्याकडूनच आधी कापून घेतलेली आहे.

पैशाचं आधी बघू. फ्लॅट 85 लाखांचा धरा. बँक 80 टक्के देते, म्हणजे 68 लाख. वरचे 17 लाख तुमचे. मुद्रांक शुल्काचे 7 टक्के आणि नोंदणीचे 30 हजार निराळे. ते बँक देत नाही, सासरे देतात. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता बसतो 59 हजार. त्यातले पहिल्या महिन्याला 48 हजार नुसते व्याजात जातात. आणि भाडं? आमच्या बिल्डिंगमध्ये 26 हजार. वर्षाचे 3 लाख 12 हजार. म्हणजे 85 लाखांवर पावणेचार टक्केसुद्धा नाहीत, मेंटेनन्स वजा केला तर तीनच्या जरासे वर. साडेआठने पैसे उचलायचे आणि तीनने लावायचे, हे गणित माझ्या आजीला सांगितलं असतं तर तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या असत्या. तुम्ही अजिबात घाबरू नका. हप्ता आणि भाडं यांच्यामध्ये जो 33 हजारांचा खड्डा आहे, तो कुणी खणला, याचं उत्तर तयार ठेवा: भाडेकरूने.

भाडं वाढवताना थेट रिझर्व्ह बँकेचं नाव घ्यावं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, 4 टक्क्यांवरून साडेसहावर गेला. आमचे ओनर तेव्हा फार हळवे झाले होते. 'ईएमआय खूप वाढलाय हो सर, जरा समजून घ्या.' घेतलं समजून. 22 चे 24 झाले, मग 26. पुढे 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून या चारपाच महिन्यांत तोच दर एक टक्क्याने खाली आला. मी वाट बघितली. पेपरातल्या बातमीचा फोटो काढून त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन निळ्या टिका आल्या. ऑगस्टमध्ये निरोप आला, 'मार्केट रेट 34 चाललाय, तुम्ही जुने म्हणून 33.' व्याज चढतं तेव्हा भाडं हप्त्यावरून ठरतं, उतरतं तेव्हा मार्केटवरून. एवढं पाठ केलंत तरी निम्मा धंदा जमला.

भाडेकरू निवडताना घाई नको. शाकाहारी, नोकरदार, लग्न झालेला, मूल नसलेला, पाहुणे न येणारा आणि भिंतीला खिळा न ठोकणारा असावा. असा माणूस सापडलाच, तर त्याला घर कशाला देता? त्याची समाधी बांधा.

मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते. तोही भाडेकरूच्याच गळ्यात.

करार 11 महिन्यांचा करा आणि 'एवढ्याला रजिस्ट्रेशन लागत नाही' असं ठासून सांगा. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 म्हणतं की लागतं, कितीही महिन्यांचा असो. शिवाय ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता जबाबदारी तुमची म्हटल्यावर खर्च कुणी करायचा हे उघडच आहे. मुद्रांक शुल्क, हजार रुपये फी, एजंटाचे हात ओले करणं, सगळं भाडेकरूने. आणि ब्रोकरेज म्हणून एक महिन्याचं भाडं. ते कशाबद्दल हे मला आजवर कळलेलं नाही. फ्लॅट मी शोधला, एजंटने किल्ली शोधली. तीही चुकीची निघाली.

पुणे महापालिका स्वतःच्या घरात राहणाऱ्याला मिळकतकरात 40 टक्के सवलत देते. तीही घेऊन टाका. भाडेकरूला फक्त शिकवून ठेवा, कुणी विचारायला आलं तर 'आम्ही त्यांच्या मामेबहिणीकडचे' म्हणून सांग.

पॅन नंबर मागितला तर गावाला जा. वर्षाला लाखाच्या वर भाडं असलं की घरभाडे भत्त्यासाठी ओनरचा पॅन द्यावा लागतो, हे त्याच्या ऑफिसातल्या एचआरला माहीत असतं. ते तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही.

आता डिपॉझिट. इथे जरा सावकाश वाचा, कारण खरी कमाई इथे आहे. भाड्याचं काय, ते येतं आणि हप्त्यात जातं. डिपॉझिट येतं आणि राहतं. माझं एक लाख होतं. गंमत म्हणजे करारावर मुद्रांक शुल्क काढताना सरकार या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरतं आणि ते भाड्यात मिळवून त्यावर पाव टक्का घेतं. म्हणजे माझ्या पैशावर तुम्हाला व्याज सुटतं हे सरकारलासुद्धा मान्य आहे. त्या व्याजावरचं शुल्क मात्र मी भरलं. तीन वर्षं भरलं. कधी चकार शब्द काढला नाही.

घर सोडताना कसं वागावं, हे आमच्या ओनरकडून शिका. आम्ही घर पुसून, पंख्यांची पाती धुऊन, ओट्यामागच्या टाइल्स घासून दिल्या. बायकोने तर खिडक्यांच्या रुळांतली माती जुन्या टूथब्रशने काढली. साहेब आले, बूट न काढता सगळ्या खोल्यांतून हिंडले, फोटो काढले, गोड हसले. 'दोन दिवसांत ट्रान्सफर करतो सर.' एकोणीस दिवसांनी एक्सेलची शीट आली. रंगकाम 28,000. डीप क्लीनिंग 5,500. गिझर 4,200. किचन ट्रॉलीचं चाक 900. इतर 3,000. हे 'इतर' काय, विचारलं तर म्हणाले, 'मिसलेनिअस.' खात्यात आले 58,400.

गिझर! तो गिझर आम्ही आलो तेव्हाच गंजलेला होता. पहिल्या दिवाळीत तो बंद पडला आणि अभ्यंगस्नानाचं पाणी मी गॅसवर तापवलं. कॉइल माझ्या पैशाने बदलली, त्याची पावती त्यांना पाठवली, त्यावर अंगठा आला. ट्रॉलीचं चाक तर आम्ही सामान लावलं त्याच दिवशी निखळलं होतं, त्याचा फोटोही तारखेसकट आहे. आणि रंग? तीन वर्षं माणसं राहिली की भिंत मळते हो. मुलीच्या खोलीत दाराच्या चौकटीशी तिच्या उंचीच्या पाच रेघा होत्या, पेन्सिलीच्या. मी त्या खोडरबराने पुसल्या होत्या. पुसताना काय वाटलं ते जाऊ दे. त्या जागी किंचित पांढुरकं झालं, म्हणून अख्ख्या टू बीएचकेचा रंग माझ्या डोक्यावर?

बरं, आयकर खातं तुम्हाला घरभाड्याच्या उत्पन्नात 30 टक्के सरसकट वजावट देतं ती कशासाठी? दुरुस्ती-देखभालीचा खर्च गृहीत धरूनच ना? पावती लागत नाही, रंग लावला का हे बघायला कुणी येत नाही. माझ्याकडून तीन वर्षांत तुम्हाला 8 लाख 64 हजार भाडं गेलं. त्याचे 30 टक्के म्हणजे अडीच लाखांच्या वर. अडीच लाख! एवढ्या उत्पन्नावर तुम्ही दुरुस्तीच्या नावाने कर भरला नाही आणि ब्रशचे 28 हजार माझ्याकडून घेतले. एकाच भिंतीचे पैसे सरकारकडून एकदा आणि माझ्याकडून एकदा. याला हिशोब म्हणत असतील तर पाकीटमारीला काय म्हणायचं?

केंद्राने 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा आणला, त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको म्हटलंय. तो लागू करायचा की नाही हे राज्यांवर सोडलं. एजंटला मी हे सांगितलं तर तो इतका मनापासून हसला की मलाही हसू आलं. आता येत नाही.

अहो, परवडत नव्हता तर घेतलात कशाला दुसरा फ्लॅट? 59 हजारांचा हप्ता आणि 26 हजार भाडं, हे सहीच्या दिवशी माहीत होतं. तुम्ही किंमत वाढेल म्हणून पैसे लावलेत. वाढली तर माझ्या घरी पेढे आले असते का? मग जुगार तुमचा आणि हरलेला डाव मी का भरायचा? आणि हे तुम्ही करावं! तुम्ही स्वतः कर्वेनगरला एका खोलीत चौघं राहिलात, गाद्या भिंतीला लावून. आमच्याच हॉलमध्ये बसून, आमचाच चहा पीत, तुम्ही सांगितलंत की त्या मालकाने तुमचे चार हजार खाल्ले. बारा वर्षं झाली तरी तुम्हाला तो आकडा पाठ आहे. त्याचं नाव घेताना तुमचा आवाज चढला होता. माझी मुलगी बाहेर येऊन बघून गेली.

माझाही आकडा लिहून ठेवा. 41,600. ज्या खात्यातून तीन वर्षं दर महिन्याच्या 5 तारखेला न चुकता भाडं आलं, ते खातं अजून चालू आहे. त्यात पाठवा.