मंद आचेवरचे परराष्ट्र धोरण

आपला देश शेजाऱ्याच्या गॅसवर विसंबून राहावा आणि तरीही त्याला कोणी मिंधा म्हणू नये, अशी आपली इच्छा असेल, तर जर्मनीकडे शिकवणी लावावी. पहिला धडा बारशाचा आहे. १९७० मध्ये पाइपांच्या बदल्यात सोव्हिएत गॅस घेण्याचा करार झाला, तो पूर्वेशी सलोखा म्हणून. पुढे व्यापाराने समोरचा देश बदलतो, असा सिद्धान्तही रूढ झाला. व्यापाराने नेमके कोण बदलत आहे, हे मात्र विचारू नये.

पोलंड आणि युक्रेन यांना वगळून रशियाचा गॅस बाल्टिक समुद्राखालून आणणाऱ्या 'नॉर्ड स्ट्रीम' वाहिनीचा करार २००५ च्या सप्टेंबरात, निवडणुकीला दहा दिवस उरले असताना, उरकावा आणि सत्ता गेल्यावर चॅन्सेलर श्रोडर यांच्याप्रमाणे त्याच वाहिनीच्या कंपनीत मानाची खुर्ची स्वीकारावी. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया गिळंकृत केला, तर निषेध अवश्य नोंदवावा, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या वाहिनीचा करार होऊ देऊन रेडेन येथील देशातले सर्वांत मोठे गॅसकोठारही रशियाच्या सरकारी गॅस कंपनीच्या, गाझप्रॉमच्या, हाती जाऊ द्यावे. सावकाराकडेच कणगीची किल्ली असली, की आपल्याला राखणीचा त्रास उरत नाही.

तरीही राजधानीत कोणी कुरकुर केलीच, तर प्रादेशिक अस्मितेला हाक द्यावी; ती तोपर्यंत राखीव ठेवलेली असते. ही वाहिनी मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न या राज्यात लुबमिनच्या किनाऱ्यावर वर येते. तिथला पूर्व जर्मनीच्या काळातला अणुऊर्जा प्रकल्प एकीकरणाच्या सुमारास बंद पडला होता, त्यामुळे रोजगाराची आस खरी होती आणि 'आम्हा पूर्वेकडच्यांना रशिया कळतो' हा अभिमानही (तो सगळाच खोटा नव्हता, म्हणून तर तो इतका उपयोगी पडला). २०२० मध्ये अमेरिकी सिनेटरांनी याच राज्यातल्या एका बंदराच्या चालकांना, दुसऱ्या वाहिनीच्या कामाला मदत केल्यास निर्बंध लादू, अशी धमकी देणारे पत्र पाठवले आणि गॅसचा सौदा एका रात्रीत राज्याच्या स्वाभिमानाचा प्रश्न झाला. अशी पत्रे फ्रेम करून ठेवावीत.

त्यानंतर निर्बंध चुकवायला पर्यावरणाचे प्रतिष्ठान काढावे. या राज्याने २०२१ च्या जानेवारीत ते काढले. राज्याने २ लाख युरो घातले, वाहिनीच्या कंपनीने २ कोटी, आणि हवामानरक्षणाच्या त्या पुण्यकार्यासाठी प्रतिष्ठानाने वाहिनीच्या बांधकामाला लागणारे जहाज विकत घेतले. परराष्ट्र धोरण राज्यांच्या अखत्यारीत येत नाही, हे संविधानात लिहिलेले असते. जहाज घेऊ नये, असे कुठे लिहिलेले असते?

एवढी साधना झाल्यावर, देशाच्या आयात गॅसपैकी निम्म्याहून अधिक रशियाच्या एकाच दारातून येत असताना, युक्रेनच्या सीमेवर रशियाच्या फौजा जमल्या, की आपले धोरण आपोआप संयमी होते. २०२२ च्या जानेवारीत जर्मनीने युक्रेनला ५,००० हेल्मेट देऊ केली. दुसऱ्या वाहिनीची मंजुरी थांबली ती युद्ध पेटण्याच्या दोन दिवस आधी. पहिल्या वाहिनीतला गॅस दुरुस्तीच्या सबबीवर घटत घटत ऑगस्टअखेरीस बंद झाला, तेव्हा वर्षानुवर्षे केवळ चर्चेत असलेले, जहाजाने येणारा द्रवरूप वायू उतरवण्याचे टर्मिनल विल्हेल्म्सहाफेनला काही महिन्यांतच उभे राहिले. ही चपळाई आपण चुकूनही आधी दाखवू नये, कारण मग सलोख्याचे काय करायचे, हा प्रश्न उरतो.

कागदपत्रांचीही काळजी घ्यावी. त्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणगीचे करविवरणपत्र करकार्यालयातील एका कर्मचाऱ्याने शेकोटीत जाळल्याचे पुढे उघड झाले. दुसऱ्या वाहिनीतून तोवर ग्राहकांपर्यंत गॅस पोहोचलाच नव्हता. प्रकल्पाची ऊब मिळाली ती तेवढीच.